फुलपाखरं मोजायला गेले होते
आज फुलपाखरू गणनेला गेले होते. ऊन चढेपर्यंत कोणी उडायलाच तयार नाही. पंख तापल्याशिवाय यांची गाडी सुरूच होत नाही! मग ठरलेल्या वाटेने सावकाश चालायचं, दोन्ही बाजूंना 2.5 मीटर आणि समोर 5 मीटर, एवढ्यात दिसेल तेच मोजायचं. बाहेरचं कितीही देखणं असलं तरी सोडायचं. जिवावर येतं हो!

रुईवर प्लेन टायगरची मादी पोट वाकवून पानाखाली एकेक अंडं चिकटवत होती. शेजारच्या ताईंनी आणखी एक दाखवली, ती निघाली डनेड एगफ्लायची मादी. विषारी प्लेन टायगरचं सोंग घेऊन ती पक्ष्यांना फसवते, तिथे आमची काय कथा!

पुढच्या वेळी नोंदवही दुसऱ्या कोणीतरी धरा. लिहिता लिहिता अर्धी फुलपाखरं हुकतात.