तुम्ही विचारलंत म्हणून: गिटारला तारा कुठल्या घालू?

माझ्याकडे शिकायला येणारे हे विचारतात. दुरुस्तीला गिटार ठेवून जाणारे दारातून वळून विचारतात. ज्यांनी गिटार नुकतीच घेतली आहे ते तर कंपनीचं नाव टिपून घ्यायला फोन हातात धरूनच विचारतात. "आवाज जरा सुधारायचाय, तारा कुठल्या घालू?"

मी लगेच नाव सांगत नाही. आत्ता लावलेल्या तारा कधी घातल्या होत्या, ते विचारते. यावर बहुतेक जण आढ्याकडे बघतात आणि मग म्हणतात, "सगळ्या बदलायच्या असतात का? एक तुटली होती, ती बदलली." म्हणजे त्या गिटारवर पाच जुन्या आणि एक नवी. नवी एकटी खणखणते, बाकीच्या बद्द वाजतात, आणि माणूस त्या नव्या तारेलाच नावं ठेवतो, की ही फार टोचते.

तेव्हा माझं पहिलं उत्तर असं: कुठल्याही चांगल्या तारा घाला, पण सहाच्या सहा नव्या घाला. माझ्याकडे "आवाज बसलाय" म्हणून येणाऱ्या निम्म्याहून अधिक गिटारांचं दुखणं एवढ्यावर बरं होतं.

तार तुटत नाही तोवर ती चांगली, असं आपल्याला वाटतं. पण तार तुटायच्या कितीतरी आधी मरते. खालच्या सुरांच्या चार जाड तारांना आत पोलादी गाभा असतो आणि त्यावर बारीक तारेचे वेढे दिलेले असतात. बोटांचा घाम, तेलकटपणा, कातडीचा भुगा त्या वेढ्यांच्या फटींत जाऊन बसतो. तार जड होते आणि तिचं थरथरणं आतल्या आत जिरायला लागतं. आधी जातात ते वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणारे बारीक उंच सूर, ज्यांच्यामुळे आवाजाला चमक असते. मग आस, म्हणजे सूर रेंगाळण्याचा वेळ, तोकडी होते. त्यात रोज त्याच त्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर, दाबून तारेला खालून खाचा पडतात. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटच्या वर तारेखालून नख फिरवून बघा, अडकेल.

अशी तार सगळीकडे सारख्या वजनाची राहत नाही आणि इथून सुराचा घोटाळा सुरू होतो. मोकळी तार ट्यूनरवर बरोबर दिसते, पण वर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ, धरला की कणसूर. मग गिटारची मान वाकडी आहे का, ब्रिज (फळीवरची, तारा बांधलेली पट्टी) चुकीच्या जागी बसवलाय का, अशा शंका. बाराव्या फ्रेटवर नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा आणि मग तिथेच तार दाबून वाजवा. दोन्ही सूर एक यायला हवेत. येत नसतील, तर गिटार खोलण्याआधी तार बदलून हीच परीक्षा पुन्हा घ्या.

आता गेज, म्हणजे तारेची जाडी. माझ्या मते आवाजाचं खरं गणित इथे आहे. धातूवर लोक तासन्‌तास वाद घालतात आणि जाडी मात्र दुकानात हाताला लागेल ती उचलतात.

"बाराचा सेट" म्हणजे ज्याची पहिली तार ०.०१२ इंच जाड आहे तो, सुमारे ०.३ मिलिमीटर. दहा, अकरा, बारा, तेरा अशी ही चढण. तारेची लांबी, ताण आणि वजन यांच्यावर सूर कसा ठरतो याचे नियम मरिन मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं १६३६ साली छापले. गिटारपुरता त्यांचा अर्थ एवढाच, की लांबी तीच आणि सूर तोच ठेवायचा, तर ताण जाडीच्या वर्गानुसार वाढतो. अकराच्या आणि बाराच्या पहिल्या तारेत फरक एका इंचाच्या हजाराव्या भागाचा. डोळ्याला दिसायचा नाही, पण ताण १९ टक्क्यांनी वाढतो. साडेपंचवीस इंच लांबीच्या गिटारवर ही तार ३२९.६ हर्ट्झच्या तिच्या सुराला आणली, की अकराची नऊ किलोंच्या आसपास ओढते आणि बाराची साडेदहाच्या. बाराच्या अख्ख्या सेटचा ताण सत्तर किलोंच्या वर जातो. एक मोठा माणूस रात्रंदिवस ब्रिजला लोंबकळतोय असं समजा.

या ओढीनंच वरची पातळ फळी हलते. जाड तार फळीला जास्त जोरानं हलवते, म्हणून खर्ज भरतो, आवाज लांब जातो, जोरात वाजवलं तरी तार फडफडत नाही. पातळ तार हलक्या बोटालाही बोलते, वाकवायला सोपी जाते, पण तिचा आवाज किरकोळ आणि थोडा चिरका. मात्र यावरून "जितकी जाड तितकी चांगली" असं समजू नका. हे मी स्वतःच्या गिटारचं नुकसान करून शिकले आहे.

शिकत होते तेव्हा माझ्याकडे लहान आकाराची, हलक्या बांधणीची जुनी गिटार होती. मोठ्या गिटारीसारखा घुमारा तिच्यातून यावा म्हणून मी तिच्यावर तेराचा सेट चढवला. दोन दिवस मी हवेत. मग तारा फ्रेटपासून वर वर जायला लागल्या, सातव्या फ्रेटच्या पुढे दाबताना बोटं सोलवटायला लागली. मला वाटलं, माझेच हात कमी पडतायत. महिनाभरात ब्रिजच्या मागे फळीला चक्क पोट सुटलं आणि ब्रिजचा मागचा काठ इतका उचलला गेला की खाली कागद सरकत होता. ब्रिज काढून पुन्हा चिकटवावा लागला. पोट थोडं राहिलंच. आणि आवाज? सुरुवातीच्या कौतुकानंतर नीट ऐकलं, तर दबलेला, आवळलेला होता. फळी इतकी ताणली होती की तिला हलायला जागाच उरली नव्हती. आज तिच्यावर अकराचा सेट आहे आणि ती मोकळ्या गळ्यानं गाते.

इथेच एक सांगून टाकते, कारण दर वर्षी एखादी तरी अशी गिटार माझ्या टेबलावर येते. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नका. तिच्या सगळ्या तारांचा मिळून ताण चाळीस किलोंच्या आसपास असतो आणि आतल्या पट्ट्या तेवढ्याच हिशेबानं बसवलेल्या असतात. तिचा आवाज तुम्हाला मऊ वाटत असेल, तर तो तिचा स्वभाव आहे. पूर्वी या गिटारांना आतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या मिळेनात, तेव्हा अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा बनवल्या, स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या, आणि पुढे सगळं जगच नायलॉनवर आलं.

धातूबद्दल विचारता, तर पाकिटावरच्या नावापासून सुरुवात करू. ज्याला "८०/२० ब्रॉन्झ" म्हणतात त्यात ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त असतं. तांबं आणि जस्त म्हणजे पितळ. ब्रॉन्झ म्हणजे कांसं, त्यात कथील लागतं. तेव्हा पाकीट उलटून मिश्रण वाचलं की पितळ उघडं पडतं. या तारांचा आवाज चकचकीत, काचेसारखा, पण तेज लवकर उतरतं. फॉस्फर ब्रॉन्झ हे मात्र खरं कांसं: तांबं, थोडं कथील आणि चिमूटभर फॉस्फरस. डॅडारिओ कंपनीनं १९७४ साली अशा तारा आणल्या. त्या जरा उबदार, गोलसर वाजतात आणि हवेनं कमी खराब होतात. अंधाऱ्या, घुम्या आवाजाच्या गिटारला पहिला प्रकार उजेड देतो, मुळातच किणकिणणाऱ्या गिटारला दुसरा जरा शांत करतो. मी याच हिशेबानं निवडते.

पण एक गोष्ट पाकिटावर ठळक लिहिलेली नसते. हे मिश्रण फक्त वेढ्यांच्या चार तारांवर असतं. पहिल्या दोन तारा दोन्ही सेटमध्ये साध्या पोलादीच असतात. त्यामुळे "वरच्या दोन तारा टोचतात, फॉस्फर ब्रॉन्झ घालू का?" याचं उत्तर नाही असं आहे. त्या दोन तारा जरा जाड घ्या, नाहीतर ब्रिजपासून दोन बोटं पुढे सरकून वाजवा. हात सरकवायला काहीच लागत नाही, म्हणूनच बहुधा कुणाला ते पटत नाही.

हा धातूचा फरक मला तरी कितपत कळतो? भाच्याला मदतीला घेतलं. एकच गिटार, एकच धून, माइक त्याच जागी. दोन्ही सेटचं नवं असतानाचं आणि महिनाभर वाजवल्यानंतरचं ध्वनिमुद्रण. त्यानं तुकडे उलटसुलट करून ऐकवले. तारा नव्या असताना धातू कुठला ते मी दर वेळी बरोबर ओळखलं. महिन्यानंतरच्या तारांचा धातू ओळखताना मात्र माझं निम्मं चुकलं. म्हणजे नाणेफेक केली असती तरी चाललं असतं. नवी आणि जुनी तार यांतला फरक मात्र भाच्यालाही कळत होता, आणि तो तबला वाजवतो.

हाताला फार घाम येत असेल तर कोटिंगच्या तारा घ्या. गोअर कंपनीनं १९९७च्या सुमारास इलिक्सर नावानं त्या आणल्या. पातळ आवरणामुळे मळ वेढ्यांत शिरत नाही, तारा कितीतरी जास्त टिकतात. सुरुवातीची झळाळी किंचित कमी असते आणि बोटाखाली तार गुळगुळीत लागते. मला तो स्पर्श आवडत नाही, पण तो माझा हट्ट झाला. बोटं नाजूक असतील, हळुवार वाजवायचं असेल, तर गाभ्याभोवती रेशमाचे धागे असलेल्या सिल्क अँड स्टील तारा आहेत. ताण कमी, आवाज लहान आणि गोड. त्यांच्यावर जोरात स्ट्रमिंग करू नका.

आणि "तरी एक काहीतरी सांगाच" म्हणणाऱ्यांसाठी: मोठी, ड्रेडनॉट आकाराची पोलादी तारांची गिटार असेल तर बाराचा फॉस्फर ब्रॉन्झ. गिटार लहान असेल किंवा बोटं अजून कोवळी असतील तर अकराचा. गेज बदललात तर आठवडाभरानं मान आणि तारांची उंची तपासून घ्या, कारण ताण बदलला की मानेचा बाकही बदलतो. पहिले दोन दिवस तारा सारख्या उतरतील, त्यांना बोटांनी हलकेच ओढून पुन्हा सुरात आणा. त्या दोन दिवसांच्या झणझणाटावरून मत बनवू नका, तिसऱ्या दिवशी ऐका. वाजवून झालं की कोरडं फडकं तारांच्या वरूनही फिरवा आणि खालूनही.

रिकामं पाकीट फेकू नका. त्याच्यावर तारीख घाला आणि ते गिटारच्या खोळीतच ठेवून द्या. पुढच्या वेळी "आवाज बसलाय" म्हणत आलात की मी आधी तेच मागणार आहे.