फंक्शनला काय काय लागतं हे डेटाबेसलाच विचारा

मध्यंतरी एका पतसंस्थेच्या जुन्या सॉफ्टवेअरचं काम अंगावर आलं. डेटाबेस पोस्टग्रेस (PostgreSQL), आत साडेतीनशेच्या आसपास स्टोअर्ड फंक्शन्स (डेटाबेसातच साठवलेला कोड), आणि हँडओव्हर म्हणून काय तर एक एक्सेल, फाइलचं नाव "फंक्शन लिस्ट फायनल न्यू 2". उघडली आणि पहिल्याच ओळीला हात टेकले. व्याज काढायच्या फंक्शनला एक्सेलमध्ये 4 पॅरामीटर (फंक्शनला बाहेरून देतो त्या किमती) लिहिलेत आणि डेटाबेसात बघतो तर 6. म्हणजे मधे कुणीतरी दोन वाढवले, कोड चालला, काम झालं, एक्सेल कोण उघडतंय परत.

क्लायंटला डॉक्युमेंट हवं होतं, प्रत्येक फंक्शनचे पॅरामीटर, टाइप, डिफॉल्ट (किंमत दिली नाही तर धरायची ती), सगळं. एकेक फंक्शन उघडून टाइप करत बसलो असतो तर दिवाळी आली असती. म्हटलं, डेटाबेसला ही माहिती असल्याशिवाय तो फंक्शन चालवतो कसा? त्यालाच विचारू. रिलेशनल, म्हणजे टेबलांत माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसची कल्पना ज्यांची, त्या कॉड साहेबांनी 1985 मध्ये त्याचे जे नियम मांडले त्यातला चौथा हाच आहे की डेटाबेसची स्वतःबद्दलची माहिती पण टेबलांतच पाहिजे, आणि नेहमीच्या डेटासारखीच क्वेरी मारून ती काढता आली पाहिजे. कॉलेजात हे पाठ केलेलं, उपयोग आत्ता कळला.

आधी सोपा रस्ता धरला, इन्फर्मेशन स्कीमामधला (डेटाबेसच्या स्वतःबद्दलच्या माहितीतला) पॅरामीटर्स हा व्ह्यू, म्हणजे टेबलासारखी वाचायची तयार क्वेरी. एसक्यूएल स्टँडर्डमधला आहे, नावं वाचता येतात, दहा मिनिटांत लिस्ट हातात. मग बारीक बघितलं. डिफॉल्टचा कॉलम सगळा रिकामा. मला वाटलं डिफॉल्ट नसतीलच, पण कोडमध्ये तर दिसतायत! झोल असा की मला दिलेलं लॉगिन रीड-ओन्ली होतं, आणि हा व्ह्यू डिफॉल्ट फक्त फंक्शनच्या मालकाला दाखवतो. शिवाय ज्या फंक्शनवर तुम्हाला काहीच हक्क नाही ते त्यात येतच नाही, एरर नाही काही नाही, नुसतं गायब. ॲरे (एकाच टाइपच्या किमतींची यादी) असेल तर टाइपच्या जागी नुसतं "ॲरे", कसला ॲरे ते दुसऱ्या कॉलममध्ये शोधा. आणि व्हेरिॲडिक (कितीही किमती घेणारा) पॅरामीटर साध्या "इन" (किंमत आत घेणाऱ्या) पॅरामीटरसारखाच दिसतो. असं डॉक्युमेंट मी दिलं असतं तर ते त्या एक्सेलचंच भावंड झालं असतं.

मग उतरलो पीजी_प्रॉकमध्ये. पोस्टग्रेसचा खरा कॅटलॉग (स्वतःबद्दलच्या माहितीचं टेबल) तो, एका फंक्शनला एक ओळ. आणि इथे माझी जी फजिती झाली ती सविस्तर सांगतो कारण नेटवरून कॉपी केलेल्या क्वेरीत ती हमखास होते.

पॅरामीटरच्या टाइपचे तिथे दोन कॉलम आहेत. प्रोआर्गटाइप्स आणि प्रोऑलआर्गटाइप्स. नावावरून मला वाटलं "ऑल" वालाच घ्यावा, सगळे येतील. तो उलगडून क्वेरी मारली आणि साडेतीनशेपैकी साठ-सत्तर फंक्शन्सच आली. बाकीची गेली कुठे? तर ज्या फंक्शनचे सगळे पॅरामीटर साधे इन आहेत त्यांच्यासाठी हा कॉलम नलच (रिकामा) असतो! आउट (उत्तर बाहेर देणारा), इनआउट (दोन्ही करणारा), व्हेरिॲडिक किंवा रिटर्न्स टेबल (उत्तर म्हणून टेबल) असलं काही असेल तरच तो भरतो. मोडचा (इन की आउट ते सांगणारा) कॉलम प्रोआर्गमोड्स, त्याचंही तेच. ह्यामागे इतिहास आहे, आउट पॅरामीटर आले 8.1 मध्ये, 2005 साली, तोवर नुसते इनपुटचेच टाइप ठेवायचे होते आणि कुठलं फंक्शन बोलवायचं ते आजही त्या जुन्या कॉलमवरूनच ठरतं, मग नवीन कॉलम शेजारी आणून ठेवला. घरात नवं कपाट घेतलं तरी जुन्यातले कपडे जुन्यातच राहतात तसं.

बरं, म्हटलं कोॲलेस लावू, नवा नल असेल तर जुना घे. लावलं. आता फंक्शन्स सगळी आली पण आउटपुट बघून डोकंच फिरलं. खाते नंबराचा टाइप डेट, तारखेचा टाइप न्यूमेरिक, आणि पहिल्या पॅरामीटरला नावच नाही. अर्धा तास मला वाटत होतं की आधीच्या डेव्हलपरनेच काहीतरी भयंकर करून ठेवलंय. त्याला मनातल्या मनात बरंच बोललो पण. चूक माझी होती. प्रोआर्गटाइप्स हा जुना वेक्टर टाइप, त्याची मोजणी 0 पासून, आणि नावांचा ॲरे (प्रोआर्गनेम्स) नेहमीसारखा 1 पासून. मी दोन्हीला एकच इंडेक्स लावत होतो, त्यामुळे सगळी नावं एक घर खाली सरकली आणि शेवटचं पडलंच बाहेर. इंडेक्सचा नाद सोडा, सरळ अननेस्ट (ॲरेच्या ओळी करणारं फंक्शन) विथ ऑर्डिनॅलिटी वापरा (9.4 पासून आहे), तो क्रमांक स्वतः 1 पासून देतो आणि त्या क्रमांकाने नाव आणि मोड उचलायचे. आणि हो, पीजी_प्रॉकला ते जोडताना लेफ्ट जॉइन लॅटरल करा, साधा क्रॉस जॉइन केला तर ज्या फंक्शनला एकही पॅरामीटर नाही ती परत गायब.

टाइपचा नुसता आकडा मिळतो, तो फॉरमॅट_टाइपला दिला की माणसाच्या भाषेत येतो. डिफॉल्टसाठी पीजी_गेट_फंक्शन_आर्ग_डिफॉल्ट, त्याला फंक्शनचा ओआयडी (पोस्टग्रेसने दिलेला आतला क्रमांक) आणि कितवा पॅरामीटर ते द्यायचं. रीड-ओन्ली लॉगिनला पण मिळालं सगळं. फक्त एका ओळीत अख्खी सिग्नेचर (पॅरामीटरची यादी) पाहिजे असेल तर एवढा खटाटोप नकोच, पीजी_गेट_फंक्शन_आर्ग्युमेंट्सला ओआयडी द्या, नाव टाइप डिफॉल्ट सगळं एकत्र येतं. पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचं कमांड लाइन टूल) मायनस कॅपिटल ई ने चालू करून बॅकस्लॅश डीएफ मारलं तर तो स्वतः आतून काय क्वेरी मारतो ते दाखवतो, खरं तर शिकायला तेच बेस्ट, मला ते शेवटी सुचलं हे दुर्दैव.

पब्लिक स्कीमामध्ये एक्स्टेन्शन (वरून बसवलेले जोड) टाकलेली असतील तर त्यांची फंक्शन्स पण येतात, पीजी_डिपेंड (कोण कुणावर अवलंबून ते टेबल) बघून "ई" टाइपची वगळा, नाहीतर क्लायंट विचारेल ही कुठली. एकाच नावाची दोन-तीन फंक्शन्स असतील तर नावावर ग्रुप करू नका, ओआयडीवर करा.

एक गोष्ट मात्र कॅटलॉगमधूनही मिळणार नाही. कुणी पॅरामीटर न्यूमेरिक 10 कॉमा 2 (एकूण 10 अंक, त्यातले 2 दशांशाचे) असा लिहिला असेल तर पोस्टग्रेस ते 10 कॉमा 2 फेकून देतो आणि नुसतं न्यूमेरिक ठेवतो. व्हारकारची (मजकुराच्या टाइपची) लांबी पण तशीच जाते. लिहिणाऱ्याला वाटतं लिमिट लावली, लिमिट बिमिट काही नाही. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये हे कळल्यावर मी जरा गप्पच बसलो.

एसक्यूएल सर्व्हरवाले (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस वापरणारे) मित्र हसतील म्हणून त्यांच्यासाठी, तुमच्याकडे सिस डॉट पॅरामीटर्समध्ये हॅज_डिफॉल्ट_व्हॅल्यू असा छान कॉलम आहे आणि टी-एसक्यूएलच्या (एसक्यूएल सर्व्हरच्या भाषेतल्या) प्रोसिजरला तो कायम 0, डिफॉल्ट असला तरी. सोर्स टेक्स्ट वाचून शोधा.

तर टाइप आले, डिफॉल्ट आले, राहिला अर्थ. पी_फ्लॅग2 नावाचा पॅरामीटर म्हणजे काय हे कुठला कॅटलॉग सांगणार? पोस्टग्रेसमध्ये फंक्शनवर कॉमेंट टाकता येते पण एकेका पॅरामीटरवर नाही (फायरबर्ड नावाच्या डेटाबेसमध्ये येते, हेवा वाटतो). म्हणून मी फंक्शनच्या कॉमेंटमध्येच प्रत्येक पॅरामीटरला एक ओळ, नाव, कोलन, अर्थ असं ठरवलं, आणि दुसरी क्वेरी लिहिली जी ह्या ओळींची नावं प्रोआर्गनेम्सशी ताडून बघते, कुठे ओळ कमी कुठे जास्त ते ओरडून सांगते. क्रिएट ऑर रिप्लेसने (आहे तेच फंक्शन नव्याने लिहिलं तर) कॉमेंट टिकते, पण पॅरामीटरचं नाव बदलायचं तर पोस्टग्रेस रिप्लेस करू देत नाही, ड्रॉप करून परत बनवावं लागतं, आणि मग कॉमेंट जाते, ग्रँट (कुणाला काय हक्क ते) पण जातात. म्हणून कॉमेंट सुद्धा मायग्रेशन फाइलमध्येच (डेटाबेसातले बदल लिहायची फाइल) ठेवल्या.

पी_फ्लॅग2 साठी शेवटी ज्यांनी ते लिहिलं होतं त्या सरांना फोन लावला, रिटायर होऊन चार वर्षं झालीत. म्हटलं, सर, त्याला वाय, एन आणि एक्स अशा तीन व्हॅल्यू जातात, एक्स काय आहे? ते म्हणाले, "अरे ते 31 मार्चचं. ऑडिटरला आकडा दाखवायचा असतो, व्याज काढायचं पण खात्यात टाकायचं नाही. अजून चालू आहे का ते?" चालू आहे सर, म्हटलं, आणि फोन कानाला असतानाच कॉमेंट टाइप केली.