खुर्चीच्या फटीत

परवा दुपारी जुन्या फर्निचरच्या एका दुकानात खुर्ची बघायला गेले होते. एका खुर्चीत टेकले आणि माझा उजवा हात, मला न विचारता, बैठक आणि खुर्चीचा हात यांच्यामधल्या फटीत शिरला. पार मनगटापर्यंत. दुकानदार बघतच राहिला. मी 'कापड कसंय ते बघतेय' असं काहीतरी पुटपुटले. बोटांना लागून वर आली ती बोटभर पेन्सिल. ब्लेडने तासलेली, मागच्या टोकाला दातांच्या खुणा.

त्यानंतर खुर्ची मी नीट बघितलीच नाही, हे आधीच कबूल करून टाकते.

एरवी या बाबतीत मी फार कडक आहे. जुनी खुर्ची घ्यायची तर आधी ती उलटी करायची. लोक कापडावर भाळतात. कापडाचं काय, आज हे, उद्या दुसरं. खरी गोष्ट पोटाखाली असते. खालचं काळं कापड फाटलेलं असेल तर उत्तमच, आत डोकावता येतं. तागाचे रुंद पट्टे नवारीसारखे उभे-आडवे विणलेले, त्यांच्यावर स्प्रिंगा, आणि प्रत्येक स्प्रिंग सुतळीने आजूबाजूच्या शेजारणींना बांधलेली. एक गाठ सुटली की ती एकटीच डोकं वर काढते आणि बसणाऱ्याला नेमकी एकाच जागी टोचत राहते. स्प्रिंगा घालून बैठक भरायचं पेटंट व्हिएन्नाच्या गेओर्ग युनिगल नावाच्या कारागिराने घेतलं ते १८२२ साली. त्याच्याआधी माणसं नुसत्या भरावावर बसत होती आणि त्यांचं काही अडत नव्हतं, पण एकदा खालून उसळी मिळायची सवय लागली की सुटत नाही.

पट्टे सैल पडलेले चालतात, बदलता येतात. दोन्ही हात धरून तिरकी हलवल्यावर खुर्ची करकरली तरी घाबरायचं नाही, सांधे सरस लावून पुन्हा बसतात. पण पायांवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखी ताजी भुकटी दिसली, की नमस्कार करून निघायचं. ती खुर्ची घरी एकटी येत नाही.

मग चुका बघायच्या. सुतार छोट्या खिळ्यांना चुका म्हणतात, त्या चुका. पूर्वी कापड चुकांनीच ठोकत, स्टेपलच्या पिना फार पुढे आल्या. कडेचं कापड जरा उचललं आणि खालच्या लाकडात रिकाम्या भोकांच्या दोन-तीन रांगा दिसल्या, तर समजायचं की बाईंनी दोन-तीनदा कात टाकली आहे. नुसत्या पिनाच पिना असतील तर 'पणजीच्या काळची' म्हणून दाखवलेली खुर्ची बहुतेक पणतीच्या वयाची. पूर्वीच्या चुकांवरून वय काढायची ही रीत मला फार आवडते. माणसांना लावायची सोय नाही, एवढंच.

तसं वयाचंही कायद्याने ठरवून ठेवलेलं आहे. अमेरिकेच्या जकातीच्या १९३० सालच्या कायद्यात १८३० च्या आधीचीच वस्तू पुरातन धरत होते. पुढे १९६६ मध्ये ते बदललं आणि शंभर वर्षं पुरी झाली की झालं, असं ठरलं. म्हणजे दरवर्षी कितीतरी खुर्च्या कोपऱ्यात उभ्या उभ्याच पुरातन होत असणार, त्यांना बिचाऱ्यांना पत्ताही नसेल. शंभराच्या अलीकडच्या त्या व्हिंटेज. मी व्हिंटेजमध्ये मोडते.

पण पेन्सिल.

आजोबांची एक खुर्ची होती. मेंदीच्या रंगाची, उंच पाठीची, आणि पाठीला दोन्ही बाजूंनी पुढे आलेले दोन कान. अशा कानांच्या खुर्च्या सतराव्या शतकाच्या शेवटी थंड मुलखात निघाल्या. शेकोटीपुढे बसणाऱ्याच्या मानेला बाजूचा गार वारा लागू नये म्हणून ते कान. आजोबांच्या खोलीत वारा औषधालाही नसायचा. तिथे कानांना काम एकच, दुपारी त्यांचं डोकं झेलायचं. डाव्या कानावर केसांच्या तेलाचा बशीएवढा काळपट डाग पडला होता. आजी त्यावर रुमाल टाकायची, आजोबा तो काढून खिशात घालायचे.

ते बाहेर पडले की आम्ही भावंडं त्या खुर्चीवर तुटून पडायचो. बसायला नव्हे, फटीत हात घालायला. फटीत काय नसायचं! गोटी, सदऱ्याचं बटण, कंगव्याचा दात, चष्म्याचा स्क्रू, तिकिटाची घडी, आणि पेन्सिली. आजोबा शब्दकोडं सोडवायचे. अडले की पेन्सिलीचं टोक चावायचे, फारच अडले की डोळे मिटायचे, आणि मग पेन्सिल तिच्या मार्गाने खाली जायची. जागे झाल्यावर "खाल्लीन मेलीने!" म्हणून खुर्चीच्या हातावर एक चापट. मी पेन्सिल शोधून दिली की म्हणायचे, "शाबास! आता सांग, चार अक्षरी, शेवटी र." मला कधीच यायचं नाही. दोन बोटांत धरून कळ काढत ती वर आणायची असते, घाई केली तर आणखी आत जाते. हे कौशल्य मला आयुष्यात दुसरीकडे कुठेही उपयोगी पडलेलं नाही.

आत्या म्हणते, ते मुद्दाम टाकायचे वस्तू, तुम्हाला सापडाव्यात म्हणून. मला नाही पटत. चष्म्याचा स्क्रू कोण मुद्दाम टाकेल? कोडं अर्धं ठेवून आजीला हाका मारत बसायचे.

ते गेल्यावर वर्षभराने खुर्ची नव्याने भरायचं ठरलं. कारागीर आला, अंगणात पोतं पसरलं आणि त्याने तिला सोलायला घेतलं. आधी मेंदी रंगाचं कापड, त्याखाली कापसाचा पातळ थर, मग गोणपाट, आणि त्याखालून निघाला काळ्या, राठ, कुरळ्या केसांचा मोठा थोरला पुंजका. घोड्याचे केस. आम्ही सगळे हसत सुटलो, आजोबा इतकी वर्षं घोड्यावर बसत होते! तो मात्र हसला नाही. केस बोटांनी सोडवत म्हणाला, "हे विंचरून परत भरतो. अजून पन्नास वर्षं मरण नाही याला." आणि मूठभर केस दाबून सोडले. ते फुलून जागच्या जागी आले.

घरच्यांनी फोम भरायला सांगितला.

कोणाचा दोष नाही. तेव्हा फोम म्हणजे नवं, स्वच्छ. ज्या पॉलियुरेथेनचा तो बनतो ते जर्मनीत ओटो बायर यांनी शोधलं १९३७ साली, आणि पन्नाशीच्या दशकापासून फोम जगभर खुर्च्यांच्या पोटात जाऊन बसला. कातरला की झालं, ना विंचरायला हवं, ना दाभणाने शिवायला. खुर्ची दोन दिवसांत तयार झाली. निळी. छान दिसत होती, खोटं कशाला बोलू. पण डावीकडे कलून बसणाऱ्या आजोबांनी पाडलेला बैठकीतला खड्डा नाहीसा झाला होता, आणि फट गच्च बंद. बोटाचं पेरही आत जाईना. त्या दिवसापासून ती पाहुण्यांची खुर्ची झाली. पुढे काही वर्षांनी फोम विटला, पिवळा पडला, आणि खाली झाडू मारला की वाळूसारखा चुरा निघायला लागला. मग कधीतरी खुर्चीच दिसेनाशी झाली. कोणाला दिली, हे विचारलं की घरात प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो.

तर परवाची खुर्ची. दुकानदार चांगला होता. मी हातातली पेन्सिल बघत बसलेय म्हटल्यावर त्याला वाटलं, बैठक पसंत नाही. "ताई, नवीन फोम भरून देतो ना, एकदम टाइट." मी "नको!" म्हणाले ते इतक्या जोरात की मागे काच पुसणारा मुलगा थांबला.

मग मान राखायला म्हणून खुर्ची उलटी केली. पट्टे मूळचे, सुतळी शाबूत, चुकांची एकच रांग. म्हणजे कात एकदाही टाकलेली नाही. कोपऱ्यातल्या भोकातून काळा केस डोकावत होता. भुकटी नाही, करकर नाही. मी सांगते त्या सगळ्या परीक्षांत पहिली. फक्त बुटकी. बैठक जमिनीपासून पंचेचाळीस सेंटीमीटरच्या आसपास असली की उठता-बसता सोपं जातं, ही अडतीसच्या वर नसेल. माझे गुडघे तिच्याकडे बघून आत्ताच कुरकुरायला लागले होते. पण गुडघे ही सबब झाली. खरं म्हणजे पुन्हा बसले तेव्हा लक्षात आलं की तिच्यातही खड्डा आहे, आणि तो उजवीकडे आहे. कोणीतरी वर्षानुवर्षं उजवीकडे कलून, पेन्सिल चावत बसलेलं होतं. मी सरळ बसायला गेले तर खुर्ची मला हळूच त्या बाजूला सरकवायची. दुसऱ्याची चप्पल चुकून पायात सरकवावी आणि अंगठ्याखालचा खोलगटपणा परका लागावा, तसं.

"ही पेन्सिल..." मी म्हणाले.

"न्या की," दुकानदार म्हणाला. "आम्ही काय करणार तिचं?"

खुर्ची घेतली नाही. पेन्सिल टेबलावर आहे. काल तासून बघितली. आतलं शिसं तुटलेलं आहे, टोक काढलं की पडतं.