मामांचा जुना संगणक आणि कर्नलमधलं बसचं पान

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) माझ्या मामांचं छोटं वर्कशॉप आहे. प्रोग्रामवर चालणारे तीन सीएनसी लेथ (धातू कातायची यंत्रं), आणि तिन्हींना सिरियल केबलने प्रोग्राम पाठवणारा एकच संगणक: पेंटियम टू, ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड, ६४ एमबी रॅम. दोन सिरियल पोर्ट बोर्डावरच आहेत. तिसऱ्या लेथसाठी सिरियल पोर्टचं एक आयएसए (जुन्या पद्धतीच्या स्लॉटात बसणारं) कार्ड आहे, आणि ऑफिसमधून प्रोग्राम आणायला एनई२००० जातीचं आयएसए नेटवर्क कार्ड. गणपतीच्या तोंडावर त्या संगणकाची हार्ड डिस्क गेली.

यूएसबीवरून सिरियल पोर्ट देणारा कन्व्हर्टर आम्ही आधी एकदा लावून पाहिला होता. लांब प्रोग्राम पाठवताना मधल्या ओळी गळायच्या, आणि लेथवर ओळ गळली की टूल सरळ जॉबवर आदळतं. म्हणून मामा म्हणाले, "कार्ड, केबल सगळं जागेवर आहे. हाच चालू होत असेल तर बघ ने." विसर्जनासाठी वर्कशॉप दोन दिवस बंद राहणार होतं. तेवढा वेळ मला मिळाला.

जुनी आयडीई डिस्क एक पडून होती, ती बसवली. ६४ एमबीत सगळं मावावं म्हणून लिनक्सचा ४.१९ कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) हवं तेवढंच ठेवून स्वतः बांधायचं ठरवलं. कंपाइल करायचं दांडिया बाजारातल्या घरच्या संगणकावर, कारण त्या पेंटियमवर रात्र सरली असती. कर्नलमध्ये काय ठेवायचं ते निवडायचं मेनूकॉन्फिग उघडलं, 'बस ऑप्शन्स' या पानावर गेलो (बस म्हणजे बोर्ड आणि कार्डं यांना जोडणारी वाट), तर आयएसएची ओळच नाही. बराच वेळ शोधत राहिलो. घरचा संगणक ६४ बिटचा, त्यामुळे मेनूही ६४ बिटचाच उघडत होता, आणि त्यात जुन्या आयएसए कार्डांचा पर्याय येतच नाही. मेक ही बांधणीची आज्ञा देताना आर्किटेक्चर आय३८६, म्हणजे ३२ बिटचं, असं सांगितल्यावर ती ओळ दिसली.

आता त्या पानावर पीसीआय (आयएसएनंतर आलेली बस), आयएसए, ईआयएसए, पीसी कार्ड असे सगळे प्रकार होते. आयएसए 'हो' केलं. ईआयएसए आणि पीसी कार्ड 'नाही'. आणि पीसीआयलाही 'नाही' दिलं. माझा हिशोब साधा होता: दोन्ही कार्डं आयएसएची आहेत, पीसीआय स्लॉट रिकामे आहेत, मग तो कोड कशाला ठेवायचा? तसं केल्यावर पुढच्या पानांवरून बरेच ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे कोड) गायब झाले. यादी आखूड झाली याचं मला तेव्हा बरंच वाटलं.

वर्कशॉपमध्ये नेऊन चालू केलं. रूट फाइलसिस्टिम (डिस्कवरच्या मूळ फाइली) माउंट होत नाही, अननोन ब्लॉक, आणि पॅनिक, म्हणजे कर्नल तिथेच थांबला. पार्टिशन तपासलं, बूटलोडरमधली ओळ तपासली, डिस्कची केबल बदलली. संध्याकाळ त्यातच गेली.

शेवटी एका जुन्या रेस्क्यू सीडीवरून बूट करून एलएसपीसीआय (पीसीआयवरच्या उपकरणांची यादी देणारी आज्ञा) चालवलं, तेव्हा उलगडा झाला. स्लॉट रिकामे असले तरी यादी भरलेली होती. पीआयआयएक्स४ नावाच्या एकाच चिपची चार कामं तिथे ओळीने होती: आयएसएचा पूल, हार्ड डिस्कचा आयडीई कंट्रोलर, यूएसबी आणि पॉवर मॅनेजमेंट. म्हणजे डिस्क पीसीआयवरच होती, फक्त तिचं कार्ड स्लॉटात नव्हतं, बोर्डातच होतं. मेनूकॉन्फिगमध्ये स्लॅश दाबून पीआयआयएक्स शोधलं, तर 'डिपेंड्स ऑन'च्या (कशावर अवलंबून त्या) ओळीत पीसीआयपुढे 'एन', म्हणजे 'नाही', लिहिलेलं. पर्याय कुठे गेला आणि का गेला, दोन्ही त्या एका पानावर कळतं. ती स्लॅशची कळ मी आधी वापरायला हवी होती.

पीसीआय 'हो', त्याची ॲक्सेस पद्धत 'एनी', पीआयआयएक्सचा ड्रायव्हर मॉड्यूल (मागाहून लोड होणारा वेगळा भाग) न ठेवता कर्नलमध्येच. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्क दिसली.

आयएसएची गोष्ट वेगळीच. पीसीआयवरचं प्रत्येक उपकरण आपला नंबर स्वतः सांगतं. त्या आयडीई कंट्रोलरचा ८०८६:७१११. आयएसए ही मुळात १९८१ च्या आयबीएम पीसीची बस. जंपरवाल्या (पत्ता पिनांवरच्या छोट्या टोप्यांनी ठरवायच्या) कार्डांना तिथे ओळखच नाही. कर्नलमध्ये पर्याय चालू केला तरी कार्ड सापडत नाही, माणसाने पत्ता द्यावा लागतो. नेटवर्क कार्डाचं एनई मॉड्यूल लोड करताना पत्ता न दिल्यास ते सरळ नकार देतं. कार्ड काढून जंपर वाचले, पत्ता ३०० आणि इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची ओळ) १० दिला, नेटवर्क आलं.

तिसऱ्या सिरियल पोर्टला आयएसएचा पर्याय लागतच नाही, हे मला नव्याने कळलं. तो ड्रायव्हर त्यावर अवलंबून नाही. पण पोर्ट ३ई८ या पत्त्यावर होता, आणि त्याचा ठरलेला इंटरप्ट ४, जो पहिल्या पोर्टचाही. म्हणून जंपर ५ वर नेला आणि सेटसिरियल या आज्ञेने कर्नलला तसं सांगितलं. तरी अक्षरं अडखळत यायची. कोणता इंटरप्ट कोणाकडे ते दाखवणारी प्रोकमधली इंटरप्ट्सची फाइल पाहिली, तर ५ वर यूएसबी बसलेलं. बायॉसने (बोर्डावरच्या, संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) रिकामा समजून तो पीसीआयला दिला होता. बायॉसमधल्या पीएनपी-पीसीआयच्या पानावर इंटरप्ट ५ 'लिगसी आयएसए'साठी राखून ठेवला, तेव्हा यूएसबी दुसरीकडे गेलं.

वर्कशॉप उघडलं त्या सकाळी लेथवरच्या काकांनी तिसऱ्या यंत्रावर सगळ्यात लांब प्रोग्राम मागवला. आधी जॉब न लावता, टूल वर ठेवून चालवून पाहिला. एकही ओळ गळली नाही. मामांनी मला सेव उसळ खायला नेलं, आणि परत आल्यावर त्या कॉन्फिग फाइलची एक प्रत सीडीवर घालून कॅबिनेटच्या आत चिकटवायला सांगितली. सोबत एका कागदावर मी दोन्ही कार्डांचे पत्ते, इंटरप्ट आणि बायॉसमधला तो बदल लिहून ठेवला आहे.