भिंत कुणाची?

साडेअकरा मिनिटांची फिल्म होती. लग्नाच्या शूटिंगमधून सुटलेल्या पैशांत केलेली, माझी पहिलीच. गोष्ट आमच्या घरातली. एका महाराजांच्या बैठकीला जाता जाता आत्यानं पाटल्या मोडल्या, त्याची. आत्याचं नाव नाही, महाराजांचं नाही, संप्रदायाचंही नाही. पण सोलापुरात नाव न घेता कुणाबद्दल बोलता येतं होय?

व्हॉट्सॲपवर चौघांना पाठवली, खाली ‘पुढं पाठवू नका’ असं लिहून. चौथ्या दिवशी ती माझ्याच फोनवर परत आली. तीही सगळी नाही, चाळीस सेकंद. पाटल्या काढणारे हात आणि मागं हार घातलेली रिकामी फ्रेम. शेवटी आत्या एकटीच भजन म्हणते, ज्याच्यासाठी मी सगळा खटाटोप केला, ते कुणीतरी कापून टाकलं होतं.

वकिलाकडे गेलो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे जुनं २९५ अ. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. धार्मिक भावना मुद्दाम, दुष्ट हेतूनं दुखावल्या हे सिद्ध करावं लागतं म्हणे. मी जरा सैलावलो. तर ते म्हणाले, “सिद्ध व्हायचं ते कोर्टात. स्टेशनला रात्र काढायला काही सिद्ध व्हावं लागत नाही.”

धोका म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दाभोलकर येतात. २० ऑगस्ट २०१३, पुण्यातला पूल, सकाळचं फिरणं. नाहीतर तो डच दिग्दर्शक, थिओ व्हॅन गॉग. इस्लाममधल्या बायकांच्या स्थितीवर छोटी फिल्म केली म्हणून २००४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या रस्त्यात त्याला सायकलवरून जाताना मारलं. दोन रात्री मी दाराची कडी तपासत बसलो. खोटं कशाला सांगू, त्यात थोडी ऐटही होती.

माझ्याकडे कुणी फिरकलंच नाही.

बाया गेल्या शिंपी मामांकडे. शूटिंगला खोली त्यांची होती. चाळीस सेकंदांत दुसरं काही नाही, पण ती निळी भिंत गल्लीतल्या सगळ्यांच्या ओळखीची. दसरा तोंडावर आलेला, ब्लाउजांचा ढीग पडलेला. कुणी आवाज चढवला नाही की शिवी दिली नाही. खडूच्या खुणा केलेली कापडं तशीच घडी घालून नेली. एकीनं तर बेतून झालेल्या ब्लाउजच्या बाह्या, पाठ, सगळे तुकडे मोजून घेतले. मामा मशीनवर हात ठेवून नुसते बघत होते.

खरं तर हे मला कळायला हवं होतं. ऑक्टोबर २००२ मध्ये मी आठवीत होतो. जेरी फॉलवेल नावाचा अमेरिकन धर्मोपदेशक तिकडच्या टीव्हीवर पैगंबरांबद्दल वाईट बोलला. निषेधाचा बंद झाला आणि दंगल पेटली ती आमच्या सोलापुरात. माणसं मेली, संचारबंदी लागली. फॉलवेलनं तिकडं माफी मागितली, इकडं आम्ही दुधासाठी संचारबंदी कधी सैल होते ते बघत होतो. त्याची गरळ आणि माझी फिल्म एका मापानं मोजू नका, मला राग येईल. पण बोलणारा कुठं आणि सोसणारा कुठं, हा हिशेब तेव्हाच शिकायला मिळाला होता.

फिल्म केल्याचा पश्चात्ताप नाही. भिंतीचा आहे. शेवटी आभारांत मामांचं नाव हौसेनं टाकलं, त्याचाही. आमच्या घरात चादरींची थप्पी आहे. मागं एक टांगली असती तर?

मामांना हे बोललो. त्यांनी सुई तोंडातून काढली.

“फिल्म चांगली होती बे. म्हातारी गाते ते तर लई चांगलं. ते का कापलास?”

म्हणजे त्यांनीही चाळीस सेकंदच पाहिली होती. बाकीचं त्यांना मी सांगितलं होतं, तेवढंच. त्याच दुपारी मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि पूर्ण दाखवली.

रविवारी रंगाचा डबा घेऊन गेलो. दोन हात मारले. स्विचबोर्डाच्या कडेला निळा अजून दिसतो.