दुमडीत ठेवलेली उंची

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवा, असा निरोप आला आणि माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा आलं ते शिलाई मशीन. शाळेतलं नव्हे, आमच्या घरातलं. आई या शाळेची विद्यार्थिनी नव्हती, शिक्षिकाही नव्हती. माझ्या प्रवेश अर्जावर तिच्या नावापुढे ‘गृहिणी’ एवढंच लिहिलेलं होतं. पण तिला वगळून मला शाळेबद्दल काही सांगताच येणार नाही.

पाचवीचा गणवेश तिनेच शिवला. स्कर्टच्या खालच्या कडेला चार बोटं कापड आत दुमडून ठेवलं होतं. दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी ती मला दारात उभी करायची, गुडघ्यापाशी वाकून माप घ्यायची आणि थोडी दुमड उसवायची. आतलं कापड गडद, बाहेरचं विटलेलं, आणि मधे जुन्या घडीची झिजलेली रेघ. सातवीत अशा दोन रेघा झाल्या. मी दप्तर पुढे धरून चालायला लागले. एकदा रडून म्हटलं, “मला नवा स्कर्ट हवा.” ती रागावली नाही. रात्री मशीनचा आवाज बराच वेळ येत होता. सकाळी दोन्ही रेघांवर त्याच रंगाची बारीक फीत बसवलेली होती. आठवड्याभरात वर्गातल्या दोघींच्या आया ती फीत कशी लावायची ते विचारायला घरी आल्या. रात्रभर डोळे ताणून बसलेल्या आईला मी तेव्हा साधं ‘छान झालंय’ही म्हटलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आठवीत विज्ञानाच्या बाईंनी विचारलं होतं, “शिलाई मशीनच्या सुईचं नेढं कुठे असतं?” सगळे म्हणाले, वर. मी म्हटलं, टोकाशी. मग बाईंनी एलियास हाउ या अमेरिकन संशोधकाच्या शिलाई मशीनची गोष्ट सांगितली. 1846 मध्ये पेटंट मिळालेल्या त्या मशीनमध्ये नेढं टोकाशी होतं, म्हणूनच सुईतला दोरा कापडाच्या पलीकडे जाऊन दुसऱ्या दोऱ्यात अडकायचा. घरी येऊन आईला हे सांगितलं, तर तिने मला मशीनवरच बसवलं. “टिपेच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले की आधी वरचा ताण बघ. खाली गुंता दिसतो म्हणून दोष खालीच असतो असं नाही.” ती चौथीपर्यंत शिकलेली. यंत्राबद्दल इतकं स्वच्छ बोलणारं माणूस मला पुढे इंजिनिअरिंगलाही क्वचितच भेटलं.

टीप मारून झाली की ती शिवणीवरून अंगठा फिरवायची. काही बोलली नाही, की समजायचं जमलं. बोलली, की उसवायचं.

शेवटच्या आजारपणात तिची नजर पार गेली होती. पांघरुणाची कड बोटांनी चाचपत एका दुपारी म्हणाली, “टीप सैल आहे गं.” ती कड मीच घाईत शिवली होती. त्या रात्री मी सगळी उसवली, वरचा ताण नीट केला आणि पुन्हा शिवली. सकाळी पांघरूण तिच्या हातात दिलं. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा फिरवला आणि काही बोलली नाही.