टेकूपाशी चेपलेली वेब

पावसाळ्यापूर्वी एका गोदामातला पोटमाळा पाहायला मला बोलावले होते. त्याखालचे सी-सेक्शन, म्हणजे पत्रा वाकवून केलेल्या C आकाराच्या तुळया, २०० मिमी उंचीचे आणि १.६ मिमी पत्र्याचे होते. माळा उतरल्याची तक्रार असल्याने सगळ्यांचे लक्ष मधल्या झोळाकडे होते आणि झोळ तर मर्यादेत होता. मी टेकूपाशी शिडी लावून वेबवर, म्हणजे सेक्शनच्या उभ्या बाजूवर, स्टीलची पट्टी उभी धरली, तेव्हा खालच्या फ्लेंजच्या (आडव्या बाजूच्या) जरा वर पत्रा फुगलेला आढळला. पट्टी मध्ये टेकत होती आणि तिच्या दोन्ही टोकांपाशी उजेड दिसत होता.

यालाच आम्ही वेब क्रिप्लिंग म्हणतो. हॉट रोल्ड, म्हणजे तापवून लाटलेल्या, बीमची वेब जाड असते आणि फ्लेंजशी ती भरीव धातूने जोडलेली असते. थंड पत्रा वाकवून केलेल्या सेक्शनच्या कोपऱ्याला मात्र गोलाई असते, त्यामुळे टेकूची प्रतिक्रिया (वर ढकलणारा जोर) वेबच्या रेषेत न येता थोडी बाजूने येते आणि पातळ वेब दाबाबरोबरच वाकही सोसते.

निव्वळ सिद्धान्तावरून याचे सुटसुटीत सूत्र निघत नाही, म्हणून संहितांमधली सूत्रे प्रयोगांवर बसवलेली आहेत. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज विंटर यांनी केलेल्या संशोधनाच्या आधारे १९४६ साली एआयएसआयची (अमेरिकन आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटची) पहिली संहिता निघाली. तिच्या आजच्या रूपातले सूत्र जाडीचा वर्ग, यील्ड स्ट्रेस (ज्या ताणाला पोलाद कायमचे वाकू लागते तो), कोपऱ्याची गोलाई, टेकूची रुंदी आणि वेबची उंची विचारात घेते; भार टोकाशी आहे की मध्ये, एका फ्लेंजवर आहे की दोन्हींवर, यानुसार त्यातले गुणांक बदलतात.

यील्ड स्ट्रेस ३४५ मेगापास्कल, आतली गोलाई ४ मिमी, टेकू ५० मिमी रुंद आणि वेबचा सपाट भाग १९० मिमी धरला, तर २ मिमी जाडीच्या सी-सेक्शनची टोकाकडची नाममात्र क्षमता सुमारे ९.८ किलोन्यूटन येते, आणि १.६ मिमीची जेमतेम ६.४. जाडी पाचव्या हिश्शाने घटली, ताकद मात्र एक-तृतीयांशाहून जास्त गेली! टेकू दुप्पट रुंद केला तरी २ मिमीच्या सेक्शनला साधारण चतुर्थांशच वाढ मिळते. पत्र्याच्या जाडीत काटकसर करणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे स्वतः मांडून पाहावेत, असे मला कळकळीने वाटते.

पर्लिन (छपराचा पत्रा पेलणारी आडवी तुळई) राफ्टरवर (छपराच्या तिरक्या मुख्य तुळईवर) थेट न टेकवता क्लीटला, म्हणजे टेकूवर बसवलेल्या छोट्या उभ्या तुकड्याला, बोल्ट करतात आणि फ्लेंजखाली मोकळी फट ठेवतात, ती याचसाठी. मग भार बोल्टांमधून वेबमध्ये जातो, खालच्या गोलाईवर येतच नाही. त्या माळ्याच्या नकाशात क्लीट दाखवलेली होती, पण उभारणीत ती गाळली गेली. आम्ही माल उतरवून जॅक लावले, फुगलेले सेक्शन बदलले आणि प्रत्येक टेकूवर अँगलची क्लीट वेल्ड करून सेक्शनची वेब तिला बोल्ट केली. फट ६ मिमी ठेवली आणि प्रत्येक ठिकाणी ती मोजून घेतली.